नाक्यावरच्या जादा भाकरी

उचगावहून शाहूपुरीकडं निघालेल्या बसमध्ये दीप्तीच्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. पूर्वी टोलनाका होता ती जागा आली, तसं म्हाताऱ्यानं खिडकीतून बोट दाखवलं.

“हितंच बसायचो आमी. ‘टोल देणार न्हाय’ म्हणून वरडून वरडून घसा बसायचा.”

“आपल्याकडं तवा गाडी तरी हुती का?”

“गाडी नसंना, रस्ता आपला हुता की!”

“व्हय, म्हणून रोज चार भाकरी बांधून न्यायचासा. घरात दोनाच्या वर खात न्हवतासा. आंदोलनानं भूक वाढलीया म्हणायचासा.”

“तितंबी दोनच खायचो.”

“मग उरलेल्या?”

“खिडकीत पावत्या फाडाय एक बाई हुती. पोटुशी. आमी दिवसभर तिच्यासमोर शिमगा करायचो, ती बिचारी मान खाली घालून बसायची. दुपारी घोषणा थांबल्या की तिला दोन भाकरी द्यायचो.”

“टोलवाल्यांच्या बाईला? माझ्या हातच्या भाकरी?”

दीप्तीनं कानातला हेडफोन हळूच काढला.

“तू मोर्चात लाटणं घेऊन सगळ्यांच्या पुढं. तुला सांगायची छाती झाली न्हाय बघ.”

“भाकरीसंगं काय द्यायचासा?”

“तू बांधलेला हिरव्या मिरचीचा खर्डा.”

“पोटुशी बाईला खर्डा!”

अख्खी बस वळून बघायला लागली.

“दहा वर्सांनी सांगतायसा व्हय? अवो, तवाच बोलला असतासा, तर मी दही दिलं नसतं का?”