व्हिसाचा चेहरा

आखातातल्या कुरुम भागातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात नौशीन पासपोर्टचे फोटो मिळायची वाट बघत बसली होती. मराठी ऐकू आलं तसे तिने कान टवकारले. काउंटरवर एक नवरा-बायको पुढ्यात दोन कॅमेरे ठेवून हुज्जत घालत होते.

“सई, फुल-फ्रेम ते फुल-फ्रेम! एवढा मोठा सेन्सर, आईची सुरकुतीन् सुरकुती दिसेल.”

“तिला आवडेल होय ते? हा खिशातला घे. झूमही भरपूर आहे.”

“सेन्सर बघ केवढासा! अंधार पडला की खलास.”

“अंधार पडला की आई झोपते.”

“चेष्टा नको. ही तिची इकडची शेवटची खेप. पुढे तिला प्रवास झेपायचा नाही. फोटो चांगलेच हवेत.”

“म्हणूनच सांगतेय. मोठा कॅमेरा दिसला की तिला व्हिसाचा फोटो वाटतो. लगेच चष्मा काढते नि तोंड मिटून ताठ बसते.”

“बसू दे की. काचेवर चमक तरी येत नाही.”

“यश, चष्म्याशिवाय तिला तू दिसतोस का? गेल्या खेपेचे फोटो बघ. एकाही फोटोत ती तुझ्याकडे बघत नाहीये.”

यश मोबाइल काढून एकेक फोटो बघत राहिला. मग दुकानदाराला म्हणाला, “भाईसाब, ये छोटावाला पॅक कर दो.”