ओढून बघा, शेठ

नाही, तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा कोणावर? कुलपावर, की कुलूप लावणाऱ्यावर? कुलूप काय हो, तोंड मिटून लटकतं, विचारलं तर बोलत नाही… आणि माणूस बोलतो, तर त्याची पोस्टच रद्द! कोणाची म्हणता? अहो, तेच तर सांगतोय, घरात कोणी ऐकत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. मुकुंदाची. मुकुंदा वानखडे, बजबजच्या साइडिंगवरचा सीलवाला.

आणि मी दिगंबर. बारदानाचा व्यापारी, दुकान बागबाजारात. मराठ्यांना अडवायला हुगळीकाठच्या या शहरानं जिथून खंदक खणायला घेतला, बरोब्बर तिथे! घोड्यावरून येणाऱ्यांना खंदक, आणि माझे आजोबा रिकामी पोती विकायला आले तर त्यांना गिऱ्हाईक! शाळा माझी लवकर सुटली, पुढचं शिकलो ते पोत्यांकडून. पोत्याला खालून हात लावला की वर काय लिहिलंय आणि आत काय आहे, दोन्ही कळतं. माणसांना मात्र खालून हात लावता येत नाही, तिथे फसतो.

तर मुकुंदा. बाप नागपूरकडून रेल्वेत बदलून आला आणि इकडचाच झाला. मुकुंदा लागला बजबजला, नदीकाठच्या एका खासगी साइडिंगवर, म्हणजे मालगाड्या भरायच्या फाट्यावर. कंपनीचं नाव नाही घेत, उद्या माल तिथूनच चढवायचाय मला! काम काय? मालगाडीचा डबा भरला की दार ओढायचं, कडीतून तार घालायची, तारेवर शिशाची गोळी, वरून पक्कड दाबायची… कट्! झालं सील. एवढंच? अहो, त्या एवढ्याशा गोळीच्या भरवशावर माझी पोती पंजाबपर्यंत निवांत झोपून जायची. आणि सील मारलं की हा बाजूला व्हायचा, हात पाठीमागे घ्यायचा आणि म्हणायचा, "ओढून बघा, शेठ."

मी म्हणायचो, "अरे, तू लावलंयस ना? मग झालं!" तर नाही! "मी लावलंय म्हणूनच. लावणाऱ्यानं तपासायचं नसतं. ओढून बघा." इंजिन शिट्टी देतंय, हमाल खोळंबलेत, मला शिंक येतेय, पण ओढल्याशिवाय हा पठ्ठ्या डब्यावर खडूची फुली मारायचा नाही. घरीसुद्धा तेच! हेमावहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणतात, "भाऊजी, गॅस मी बंद केला की हे बघणार, ह्यांनी केला की मला उठवणार. लग्नात मंगळसूत्र बांधल्यावर भटजींना म्हणाले नाहीत, ओढून बघा, हे माझं नशीब!"

मग आले कौस्तुभसाहेब. नवे मॅनेजर, पुण्याहून. माणूस गोड हो! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला येतात, झांजा वाजवतात, मुकुंदाच्या मांडीला मांडी लावून मोदक खातात. त्यांनी मुकुंदाला बोलावलं. "या, मुकुंदराव, बसा. पाणी घ्या." साहेब पाणी घ्या म्हणाला की समजावं, तहान लागणारं काहीतरी येतंय. "तुमची पोस्ट रद्द झालीये."

"म्हणजे आता सील नाही लागणार?"

"लागणार ना! सीलशिवाय डबा हलेल कसा? काम आहेच, मुकुंदराव. फक्त ते ट्रान्स्फर झालंय. आता प्लास्टिकचं सील, ज्याचा माल त्यानंच लावायचं."

"आणि मी?"

"तुम्ही हावड्याच्या ऑफिसात. पगार चालू. तूर्तास."

तूर्तास! तुम्हाला सांगतो, हा शब्द म्हणजे पोत्याला लागलेला उंदीर. भोक दिसत नाही, दाणे मात्र गळत राहतात. आणि मला सांगा, काम आहे, डबा आहे, दार आहे, कडी आहे… मग रद्द काय झालं? कडीवरचा हात तेवढा?

हावड्याला काय होतं? खुर्ची. रोज फेरीबोटीनं नदी ओलांडायची, पंख्याखाली बसायचं, घरी यायचं. आधी त्यानं ऑफिसातल्या सगळ्या कपाटांच्या कड्या ओढून बघितल्या. लोक हसले. मग थांबला. पक्कड तर जमाच करून घेतली होती… एकदा घाटावर आम्ही चहा पीत होतो, चहाचा मातीचा कप, इथला भांड, त्याच्या डाव्या हातात, आणि उजवा हात मांडीवर आपोआप मिटतोय, उघडतोय, मिटतोय. हवेतच. मी नदीकडे बघत बसलो. काय बघणार दुसरीकडे?

मी म्हटलं, "मुकुंदा, माझ्याकडे ये. तेच साइडिंग, तेच डबे, सील आता मलाच लावायचंय, तू लाव." तर चिडला! माझ्यावर! "शेठ, तुमचा पगार घेऊन तेच काम केलं तर कंपनी म्हणेल, बघा, काम व्यापाऱ्याचंच होतं! माझी केस मीच मारू? मला पगार नकोय, मला माझी जागा पाहिजे. सीलवाला म्हणून लागलो, सीलवाला म्हणून रिटायर होणार."

हो, केस! युनियननं घातली होती. युनियनचे शरच्चंद्रबाबू, आवाज असा की ट्रामनं थांबून घ्यावं. मला म्हणाले, "दिगोंबोरदा, काम जिंदा है, तो पोस्ट मोरा कैसे? आप गवाही देंगे. पूछेगा, सील अभी भी लगता है? आप बोलेंगे, लगता है. बस! बेशी कोथा बोलबेन ना!" जास्त बोलू नका म्हणे! मला! हुगळीला सांगा की आज भरती आणू नकोस म्हणून!

कोर्टात गेलो. मुकुंदा इस्त्रीच्या शर्टात. वहिनींनी जिंकल्यावर वाटायला संदेश मिठाईचा डबा आणलेला, झाकण दोघांनीही ओढून बघितलेलं. शरच्चंद्रबाबूंनी विचारलं, सील लागतं? मी म्हटलं, लागतं! रोज लागतं! ते बसले, म्हणाले झालं. मीही उतरणार… तेवढ्यात कंपनीच्या वकीलबाई उठल्या. तरुण पोरगी, आवाज असा मऊ की पाय चेपून घेतल्यासारखं वाटावं. "दिगंबरबाबू, आपको तो बहुत तकलीफ होती होगी?"

संपलं! अहो, व्यापाऱ्याला तकलीफ विचारायची असते का? म्हटलं, तकलीफ? सील आमच्या खर्चानं, माणूस आमचा, उन्हात उभे आम्ही, हात कापले तर आमचे! "कंपनीचं कोणीच मदत करत नाही?" मदत? हात लावत नाहीत, बाई! तुमचा तो माल लिहून घेणारा मालबाबू खुर्चीतून उठत नाही! तुमच्या कंपनीच्या एकाही माणसानं त्या सीलला बोट लावलं असेल तर गंगेची शपथ! असा ठणकावून बोललो की मलाच माझा अभिमान वाटला. मुकुंदाकडे बघितलं, बघ म्हटलं, कशी सालटी काढली!

वकीलबाई म्हणाल्या, "थँक यू, दिगंबरबाबू. हमारा भी यही कहना है."

शरच्चंद्रबाबूंनी डोक्याला हात लावला. मला बाहेर आल्यावर कळलं. मुकुंदाचं काम कंपनीनं आपल्याच दुसऱ्या नोकराला दिलं असतं तर भांडता आलं असतं. युनियनचा सगळा दावा तोच होता, की मालबाबू गुपचूप सीलं लावतो. आणि मी शपथेवर सांगून आलो की कंपनीत ते काम कोणीच करत नाही! कोणी करतच नाही, तर पोस्ट हवी कशाला? निकाल नंतर लागला, पण लागायचा तो तिथेच लागला. खरं बोललो हो मी! अक्षर न् अक्षर खरं! खोटं बोललो असतो तर मुकुंदा जिंकला असता. आता सांगा, ठेवा विश्वास, कोणावर ठेवायचा?

खाली बाकावर हा बसलेला. शेजारी संदेशाचा डबा, तसाच. मी म्हटलं, "मुकुंदा, शिव्या दे रे. काहीतरी बोल." त्यानं सरकून मला जागा केली. म्हणाला, "शिव्या कशाला, शेठ? खरं तेच बोललात. तुम्ही ओढून बघितलंत… तुटलं."

मी पोती विकणारा माणूस, डोळ्यांत धूळ जायची सवय आहे मला. पण त्या दिवशी धूळ नव्हती.

'तूर्तास' संपलं तेव्हा पगारही संपला. कौस्तुभसाहेबांनी शाल दिली, चांगलं बोलले, मोदकाची आठवण काढली. नंतर एके दिवशी मुकुंदा दुकानात आला, चपला बाहेर काढल्या. कधी काढायचा नाही हो! मित्र म्हणून यायचा तेव्हा चपलांसकट आत यायचा. म्हणाला, "येऊ कामाला?"

आता तो माझा माणूस. तेच साइडिंग, तेच डबे. प्लास्टिकचं सील लावतो, पक्कड लागत नाही, पण हात तसाच मिटतो. पहिल्या दिवशी बाजूला झाला, हात पाठीमागे घेतला. मी आपला पुढे झालो ओढायला, सवयीनं. तर म्हणाला, "तुम्ही नका, शेठ. माल तुमचा, सील तुमचं, माणूस तुमचा. ओढणारा तरी परका पाहिजे." आणि परका कुठून आणायचा? कंपनीचा तर कोणी बोट लावत नाही, मीच शपथेवर सांगितलंय! शेवटी फाटकाबाहेर घुगनी, म्हणजे वाटाण्याची गरम उसळ, विकणाऱ्या घुगनीवाल्याला हाक मारली. तो बिचारा हात पुसतो, येतो, ओढतो, "ठीक आछे" म्हणतो आणि जातो. आता रोज तोच येतो. एवढा मोठा डबा, एवढा लांबचा प्रवास, आणि हमी कोणाची? तर घुगनीवाल्याची!

जाऊ द्या. तुमचा वेळ घेतला. एवढंच म्हणतो, तुम्हीही काही ना काही करत असाल, दुकान, ऑफिस, संसार… हिशेब चोख ठेवा. किती पैसे वाचले ते लिहाल तेव्हा त्यापायी कोण गेला तेही लिहा. आणि लिहून झालं की स्वतःच मान डोलावू नका, एखाद्या परक्याला बोलवा, बाजूला व्हा, हात पाठीमागे घ्या, आणि म्हणा, ओढून बघा. तुटलं तर तुटलं… घुगनी तरी गरम मिळते.