मास्तरांच्या गाडीचं इंजिन

मिस्त्री : म्हणून म्हणतो मास्तर, थोडक्यात सांगायचं तर इंजिन गेलंय. आजारी नाही. गेलंय.

बाबा : असं एकदम काय बोलता मिस्त्री. सतरा वर्षांत ही गाडी रस्त्यात एकदाही बसली नव्हती. परवा बसली, तुम्ही टोचन लावून आणलीत, एवढंच झालंय.

मिस्त्री : बसली ती उठेना, हेही झालंय. चावी फिरवली की आतून नुसतं खडखडतंय.

लेक : हळू बोला ना दोघं. आत्ता कुठे डोळा लागलाय हिचा.

बाबा : दे भोपळीला इकडे. तुझा खांदा अवघडला असेल.

लेक : नको, हलवली की उठेल. तुम्ही गाडीचं बोला.

मिस्त्री : ताई, त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे. म्हणजे गॅरेजच्या मानाने स्वच्छ. तर मास्तर, हेच इंजिन उतरवायचं, सगळं खोलायचं, झिजलेलं काढून नवं भरायचं, असं करता येईल. तीन आठवडे धरा. नाहीतर दुसरं बसवायचं, वापरलेलं. मागच्या शेडमध्ये हेच मॉडेल उभं आहे, ट्रकने मागून ठोकलेलं. डिकी पार मागच्या सीटवर आलीय, पण पुढचा भाग ठणठणीत. ते इंजिन चार दिवसांत तुमच्या गाडीत बसेल. फक्त आज सांगा. उद्या भंगारवाला सगळंच उचलून नेणार आहे.

लेक : आणि कोरं? कंपनीचं?

मिस्त्री : कंपनीने हे बनवणं कधीच सोडलं, ताई.

बाबा : दुसऱ्याचं नको. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. दुसऱ्याच्या मापाचा कोट कितीही चांगला असो, खांद्यात ओढतोच. आहे तेच उसवा, आतलं अस्तर बदला, पुन्हा शिवा. कापड चांगलं आहे.

मिस्त्री : मापाचं तुम्ही मला नका सांगू. माझ्या लग्नातला कोट तुम्हीच शिवलेला. एकाही फोटोत मी हात पुढे केलेला नाही, इतक्या बाह्या आखूड.

बाबा : माप घेताना हात अंगाशी चिकटवून उभे होतात. लाजत होतात. त्याला मी काय करू?

मिस्त्री : बरं, राहू द्या. कापड चांगलं आहे का, तेच बघायचंय. ताई, ऑइलचा लाल दिवा लागल्यावर किती वेळात गाडी बंद केलीत?

लेक : लगेच.

मिस्त्री : लगेच म्हणजे?

लेक : लगेच म्हणजे लगेच. दिवा दिसला, बाजूला घेतली.

बाबा : मी शिकवलंय तिला. दिवा लाल झाला की पहिला पाय ब्रेकवर. ती चुकायची नाही.

मिस्त्री : मग प्रश्नच मिटला. मग क्रँक वाचला असेल. क्रँक म्हणजे तो जाडजूड दांडा, सगळं इंजिन ज्याच्यावर फिरतं. तो शाबूत असेल तर खोलण्यात अर्थ आहे. त्याला चरे पडले असतील, तर मात्र कितीही नवं भरा, दोन महिन्यांत पुन्हा माझ्या दारात.

बाबा : ठरलं तर. खोला.

लेक : बाबा, थांबा जरा. दुसरं बसवलं तर काय बिघडलं? सोमवारपासून मला कामावर जायचंय. हिला पाळणाघरात सोडायचं आणि तिथून पार दुसऱ्या टोकाला.

बाबा : तीन आठवडे मी बसने सोडेन तिला. त्यात काय.

लेक : तुमचा गुडघा आणि कडेवर ही.

बाबा : माझा गुडघा तुझ्यापेक्षा जास्त वर्षं काम करतोय.

मिस्त्री : मास्तर, खोलायच्या आधी हे बघा. खालून ऑइल काढलं तेव्हा एवढंच निघालं, वाटीभर. आणि उजेडात धरा जरा.

बाबा : चमकतंय काय यात? जरीचा चुरा असतो तसं दिसतंय.

मिस्त्री : बेअरिंगचा चुरा आहे. धातू धातूवर घासून निघालेला. लगेच बंद केलेल्या गाडीत एवढा निघत नाही. मी काही म्हणत नाही, ताई. फक्त मला हे खोलायला तीन दिवस लागतील, आणि तोवर शेडमधलं गेलेलं असेल.

बाबा : ती म्हणाली ना लगेच बंद केली.

लेक : अकरा मिनिटं.

बाबा : काय अकरा मिनिटं?

लेक : दिवा लागल्यावर अकरा मिनिटं चालवली मी. समोर घड्याळ होतं. दात येतायत हिला, बाबा. दोन दिवस धड झोपली नव्हती. मी पण नाही. गाडीत घातली की झोपते, म्हणून महिनाभर रोज दुपारी नदीच्या रस्त्याने फेऱ्या मारतेय. परवा एकदाची मान टाकली तिने, आणि दिवा लागला. वाटलं, थांबले की उठणार. पुढच्या वळणावर थांबू. मग त्याच्या पुढच्या. मग ठकठक यायला लागली.

बाबा : तरी थांबली नाहीस?

लेक : मोठ्याने गाणं म्हणायला लागले. तिला ठकठक ऐकू जाऊ नये म्हणून.

मिस्त्री : झोपली का मग?

लेक : झोपली. गाडी मेली, तरी झोपलेलीच होती.

मिस्त्री : चला, कुणाचं तरी काम झालं.

लेक : बाबा, बोला ना काहीतरी. नखाएवढा ओरखडा पडू दिला नव्हता तुम्ही. माझ्या हातात दिलीत आणि मी अशी आणून उभी केली. वर तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

बाबा : मिस्त्री, जरा पाणी द्या.

मिस्त्री : पाणी देतो, पण मास्तर, आता तुमची पाळी. ऑइल आपोआप वाटीभर उरत नाही. माझ्याकडून दर पंधरा दिवसांनी एक डबा कोण नेतं? शिलाई मशीनला तर एवढं लागत नाही.

लेक : कसला डबा?

बाबा : ऑइलचा. मीच नेतो. तुला गाडी दिली, तेव्हाच ती ऑइल पीत होती. आठवड्याला अर्धा डबा.

लेक : आठवड्याला?

बाबा : दर रविवारी गाडी धुवायला यायचो ना मी? बॉनेट उघडायचं, गुपचूप ओतायचं, वरून फडकं मारायचं.

लेक : मला वाटायचं, तुम्ही हिला भेटायला येता आणि धुणं हे निमित्त आहे.

बाबा : हिलाच भेटायला यायचो. हात रिकामे राहू नयेत म्हणून तेही करायचो.

लेक : अहो, पण मला सांगायचं ना. मी ओतलं असतं.

बाबा : तुला तेव्हा सातवा महिना होता. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, ठेवा तुमची गाडी, मी जाते बसने. दांडीला लोंबकळत. ओळखतो मी तुला.

लेक : आणि गेले तीन रविवार...

बाबा : मला सर्दी होती. तूच म्हणालीस, बरं वाटेपर्यंत बाळाजवळ येऊ नका. रोज ठरवायचो, फोन करून सांगू, बॉनेट उघड, ऑइल बघ. फोन लावायचो, आणि भोपळी जेवली का, एवढंच विचारून ठेवायचो.

लेक : दिवसातून चार वेळा विचारत होतात. मी घरी म्हणाले, बाबांना वाटतंय मी पोरीला उपाशी मारतेय.

बाबा : ते विचारायचंच नव्हतं मला.

लेक : कळलं आता.

बाबा : अकरा मिनिटं तुझी असतील. वर्ष माझं आहे. लबाड माणसाने लबाड गाडी दिली तुला, आणि वर शिकवतोय, दिवा लागला की ब्रेक.

लेक : असं नका म्हणू.

मिस्त्री : झालं का दोघांचं? मग मीही माझं सांगून टाकतो. क्रँक वाचला असता ना, तरी हे इंजिन खोलायचं माझ्या मनात नव्हतं. रिंगा संपल्यात, ब्लॉक झिजलाय. सहा महिन्यांपूर्वी आणली असतीत, तरी दुसरंच बसवायला हवं होतं. तुमच्यासमोर बोलायचा धीर होत नव्हता, एवढंच.

लेक : म्हणजे मी थांबले असते, तरीही?

मिस्त्री : थांबायला हवं होतं, ताई. उगाच गोड बोलत नाही. पण थांबून काही दिवस मिळाले असते. इंजिन नसतं मिळालं.

बाबा : ऐकलंस? आता डोळे पूस.

लेक : पुसते. हात अडकलाय हिच्याखाली.

बाबा : थांब, मी पुसतो. मिस्त्री, ते शेडमधलं दाखवा. पण आधी मला सांगा, त्या गाडीत कुणाला काही...

मिस्त्री : कुणी नव्हतं आत. मालक औषधं घ्यायला उतरला होता. बाहेर येऊन बघतो तर गाडी निम्मी.

बाबा : मग ठीक. चला. चालू करून दाखवा. बघायचं नाहीये, ऐकायचंय मला.

(मागच्या शेडमध्ये चावी फिरते. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू होतं.)

लेक : बाबा, ही उठेल...

बाबा : श्श. बोलू नकोस.

मिस्त्री : काय म्हणतंय?

बाबा : एकही टाका चुकत नाहीये.

मिस्त्री : आता मागचा धूर बघा. निळा नाही. तुमच्या गाडीचा निळा झाला होता, ते ऑइल जळत होतं. हे दहा मिनिटं तापू द्या, तेव्हाही असंच राहिलं तर डोळे मिटून बसवतो. कागदपत्रांत इंजिनचा नवा नंबर चढवावा लागेल. अर्ज मी भरतो, सही तुमची.

बाबा : सही हिची. गाडी हिची आहे.

लेक : नक्की ना बाबा? दुसऱ्याचं चालेल तुम्हाला?

बाबा : सोमवारी तुला जायचंय ना?

लेक : जायचंय.

बाबा : मग चार दिवसांचंच बरं. मिस्त्री, दहा मिनिटं झाली, धूर अजून निळा नाही. करा आता बंद. थोडं निवू दे. तू ये इकडे. भोपळीला दे माझ्याकडे. दे गं, उठत नाही. हां. ही पिवळी कडी दिसली?

लेक : ही?

बाबा : तीच. ओढ वर. याने ऑइल मोजायचं.

लेक : सगळी पट्टीच काळी दिसतेय. काही कळत नाही.

बाबा : पहिल्यांदा काही कळत नाहीच. ते फडकं घे, पूस, परत पूर्ण आत घाल, मग काढ. सावकाश. घाई नाही कुणाला.

लेक : आता दिसलं. दोन खुणा आहेत. वरच्या खुणेला टेकलंय. बघा, बरोबर आहे ना?

बाबा : मी कशाला बघू. तू बघितलंस ना.