‘जुना खलाशी’ गप्प झाला तेव्हा

साल २०१६. मलेशियातल्या पिनांगच्या दवाखान्यात माझ्या पुढे माझा शेजारी बून किएट आणि त्याची बायको सिऊ होंग बसली होती.

"अहो, बंद करा तो फोनवरचा वादाचा फोरम. नंबर येतोय आपला."

"अकरा दिवस झाले. संगणकाची चिप बनवणारा देशच जगावर राज्य करणार, असं मी लिहिलं. तरी ‘जुना खलाशी’ गप्प!"

"हरला असेल."

"तो? नऊ वर्षं मला गाढव म्हटल्याशिवाय त्याला चहा गेला नाही."

"मग फोन करा."

"अगं, खरं नाव कुठे ठाऊक आहे?"

"आता काय लिहिताय?"

"नुसतं ‘वर’. त्याने आमचा वाद यादीत वर येतो. आला तर दिसेल त्याला."

खलाशी आलाच नाही. बून किएट दोन वर्षांनी गेला. चिप कशाशी खातात हे सिऊ होंगला अजून ठाऊक नाही; पण रोज सकाळी ती त्या वादाखाली ‘वर’ लिहिते.