आमच्या टीव्हीवरच्या मुंग्या

बिनवायरचं घ्या म्हणताय, पण आधी आमच्या वडिलांचं काय झालं ते ऐका. तेव्हा आम्ही सातपूरला राहायचो. ताईच्या लग्नाची डीव्हीडी हॉलमध्ये लावायची आणि आईने ती स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर पोळ्या लाटता लाटता बघायची, एवढीच वडिलांची हौस.

दुकानदार म्हणाला, "वायर ओढा, नाहीतर ही अँटेनावाली डबी घ्या. चित्र हवेतून जातं."

वडिलांनी डबी घेतली. आईच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या! वडील रोज डबीचं तोंड फिरवायचे आणि लग्न पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

त्यात शेजारच्या काकूंनी आमच्याशी बोलणंच टाकलं. का, ते कळेना. शेवटी वडिलांनी त्यांना जिन्यात गाठलं. "वहिनी, आमचं काही चुकलं का?"

"तुम्हीच म्हणालात ना, लग्न लासलगावला घरच्या घरी उरकलं?"

"हो, अगदी मोजकी माणसं होती."

"मग वरच्या मजल्यावरचे जोशी पंगतीत बसून जिलबी मागून घेत होते, ते कसे?"

वडील गडबडलेच. "तुम्ही कुठं पाहिलंत?"

"आमच्या टीव्हीवर. रोज लागतं की! तुमच्याकडे नाही का दिसत?"