अण्णारावाची बाराखडी

शिकलेली माणसं राजकारणात पाहिजेत, हे मला नका सांगू. एक मी स्वतः शिकवलाय.

निजामाचं राज्य जाऊन पहिली निवडणूक आली, तेव्हा परभणीहून पक्षाचे लोक आमच्या गावाला आले. त्यांना मॅट्रिक झालेलाच उमेदवार पाहिजे होता. गावात तसा एकच होता, पाटलाचा अण्णाराव. तिकीट त्याला देऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी अण्णाराव छापील भाषण घेऊन माझ्या गोठ्यात हजर.

"दादा, हे सभेत वाचायचंय. मला मराठी वाचता येत न्हाई."

"मॅट्रिक हायेस ना रे तू?"

"सगळं उर्दूत झालंय की. कुठं बोलू नका."

मी पंतोजीकडं दोनच वर्षं गेलेला, पण बाराखडी पक्की होती. म्हणलं, "शिकवतो. पण निवडून आलास की गावाला शाळा आणायची."

"आईची आन, दादा."

भुईवर राख पसरून रोज त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली. भाषण खडखडा वाचायला लागला आणि निवडूनही आला. शाळा काही येईना. दोन वर्षं हेलपाटे घालून शेवटी त्याला परभणीत गाठला आणि अर्ज हातात दिला. कुठं न अडखळता त्यानं तो वाचला.

"दादा, शाळेची एवढी काय घाई हाय? मला तुमी गोठ्यातच शिकवलं की. पोरांनाबी तिथंच शिकवा."

मी अर्ज घेऊन घरी आलो. त्यानंतर गोठ्यात फक्त म्हशी बांधल्या.