शेवंतीचा शिंगरू

माझा माहेर कसालाच्या आत, डोंगराकडे. भात, काजीची झाडां आणि गोठ्यात कायम पाच-सात गायी. माझ्या आवशीचो हात गुणाचो होतो, गावात कोणाची गाय अडली की तिकाच बोलावणा येय आणि तिच्या पाठसून मी, परकर खोचून, म्हणान गुरांचा सगळा माका न शिकवताच येता. मगे लगीन होऊन हय मालवणाक समुद्रार इलंय. हय सगळो मासळीचो कारभार, गाय औषधाक नाय. शेजारणी माका हसत, गोठ्यातली बाय इली म्हणत. हसत पण कोणाची शेळी आडवी पडली की माकाच हाक मारीत, आणि खोटा कित्याक सांगू तुमका, माका ता बरा वाटी.

आमचे हे आधी होडयेर होते. पर्यटक वाढले तसे घाटावरसून शेवंती आणल्यानी. शेवंती म्हणजे आमची घोडी, तांबूस, कपाळार पांढरो ठिपको. किनाऱ्यार लोकांका फिरवी, लग्नात नवऱ्याक पाठीर घेय. पण लाट इली की भियान मागे सरी. ह्येंचा एकच म्हणणा, बाहेरसून आणलेलो घोडो समुद्राक भितलोच, आपल्या दारात जन्मलेलो लाटेत खेळतलो. म्हणान तिका घाटार नेऊन घोडो दाखवलो आणि अकरा महिने, काय सांगू तुमका, अकरा महिने ह्यो माणूस रोज सांजेक तिच्या पोटाक कान लावन बसलो. माझ्या पोटाक कधी लावक नाय, असा मी चिडवी, तर हसत.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि एका सकाळी, उजाडता उजाडता, शेवंती व्याली. अर्ध्या तासात ता शिंगरू लांब लांब पायांर धडपडत उभा रवला आणि आवशीच्या कासेक तोंड लावूक गेला, आणि मी तेका धरलंय. आमच्या गोठ्याची रीत अशी, गाय व्याली की पाठची वार पडापर्यंत वासराक चीक, म्हणजे ता पयला दूध, पाजूचो नाय, पाजलो तर वार आत रवता आणि गाय हातची जाता. आवशीन शिकवलेला. हे म्हणाले अगो, ती गाय नाय, घोडी आसा, पियांदे तेका. मी म्हटलंय तुमी होडी बघा, ह्या माका कळता. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून शिंगरू खांबाक बांधलंय आणि वायच गुळाचा पाणी पाजलंय. ता मान लांब करून वरडी, शेवंती हिसके मारी, आणि तिच्या कासेतसून चीक जमिनीर गळत होतो, घट पिवळो चीक, सगळो मातीत, आणि मी थंय उभी रवान वारेची वाट बघत होतंय. वार पडली दुपारी. मगे सोडलंय. तोवर तेच्यात ओढूची ताकद उरली नाय, तोंडात धरी आणि सोडी.

सांजेक ह्येंनी बोलावलेले गुरांचे डॉक्टर इले. तपासल्यानी आणि विचारल्यानी, चीक वेळेवर प्यायलं ना, कारण पहिल्या काही तासांत तो पोटात गेला नाही तर मागाहून कितीही पाजा, अंगी लागत नाही, मग उपाय वेगळा करावा लागतो. मी तोंड उघडलंय. माझ्या आधी हे म्हणाले, हो तर, उभं राहिल्या राहिल्या प्यायलं. असा शुद्ध बोलले, माझ्याकडे न बघता. आणि माझा उघडला तोंड मिटला. डॉक्टरांनी सुई दिल्यानी, सलायनची बाटली लावल्यानी आणि गेले. मी कित्याक गप रवलंय? लाजेन. दुसरा काय नाय. गोठ्यातली बाय ना मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मांडयेर मान ठेवन ता गेला. तेचे खूर एकदा पण समुद्राच्या पाण्यात भिजाक नाय. ह्येंनी सुरूच्या बनात खड्डो मारल्यानी. शेवंती दोन दिस वरडली, तिची कास दगडासारखी झाली, मगे मीच बसान पिळलंय आणि ता दूध माडाच्या मुळात वतलंय. ती गप उभी. माका वाटी, लाथ मार गो एकदा. मारूक नाय.

आता शेवंती परत किनाऱ्यार जाता. कोण विचारता, शिंगराचा काय झाला? हे सांगतत, जन्मताच कमजोर होता. दर वेळी तसाच. माका राखूक खोटा बोलतत आणि मी चायचो कप घेवन थंय उभी. एकदा जरी माझ्यार रागावले असते तर मी रडान मोकळी झालंय असतंय. डॉक्टरांका खरा सांगला असता तर ता जगला असता काय, ता अजून विचारूचो धीर झालो नाय. परवा शेजारणीची शेळी व्याली, पिल्लू मी पयला कासेक लावलंय. ती म्हणाली अगो, वार पडांदे मगे. मी म्हटलंय पियांदे गो. तिका वाटला माका विसर पडलो.

तुमी लिवतास ना, तर ह्या खरा लिवा. खंय गाय, घोडी व्याली तर सांगा लोकांका, आधी पियांदे. देव तुमचा बरा करो. फकत हे आता येतले, तेंच्यासमोर ह्या वाचू नका.